वकिलाची सनद कोणाच्या हातात?



६ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने एका ७१ वर्षांच्या वकिलाने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर कित्येक दिवस राजघाटाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी दुसरा विषय नव्हता. गवई साहेब अमरावतीचे. धारणीच्या रस्त्याने मेळघाट ओलांडला की अमरावती, आणि आपल्यापैकी अनेकांची सोयरीक तिकडची. त्यामुळे घाटावर राग जरा जास्तच होता.

त्या चर्चेत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा निघाले. पहिला, सरन्यायाधीशांनी त्या वकिलाला तिथल्या तिथे तुरुंगात का पाठवले नाही? दुसरा, त्याची सनद न्यायालयाने जागेवरच का रद्द केली नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधता येईल. दुसऱ्याचे उत्तर मात्र कायद्यात आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असते. न्यायाधीशाला अवमानाबद्दल वकिलाला शिक्षा करता येते, पण त्याची सनद काढून घेता येत नाही. ही मर्यादा का आहे, ती कुठे ढिली पडते आणि आपल्यासारख्या साध्या पक्षकारांना तिच्याशी काय देणेघेणे, हे या लेखात मांडायचे आहे.

नेमके काय झाले

त्या दिवशी सरन्यायाधीशांनी कामकाज थांबवले नाही. समोरच्या वकिलांना युक्तिवाद पुढे चालू ठेवायला सांगितले आणि त्या माणसावर कारवाई करू नका अशीच भूमिका घेतली. त्याच दिवशी बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्या वकिलाची सनद तात्पुरती स्थगित केली. म्हणजे सनदेवर कारवाई झाली, पण ती न्यायालयाने नव्हे, वकिलांच्या संस्थेने केली.

पुढे अवमानाचा खटला चालवावा म्हणून वकील संघटनेने मागणी केली आणि महान्यायवादींनी त्याला संमतीही दिली. २७ ऑक्टोबरला न्यायमूर्ती सूर्यकांत आणि न्यायमूर्ती जॉयमाल्य बागची यांच्यासमोर प्रकरण आले, तेव्हा खंडपीठाने नोटीस काढण्याची अनिच्छा दाखवली. भर न्यायालयात असे वागणे हा उघड अवमान आहे, पण त्यावर पुढे जायचे की नाही हे ज्या न्यायाधीशासमोर तो घडला त्याने ठरवायचे असते, आणि इथे त्यांनी सोडून दिले आहे, असे खंडपीठाचे म्हणणे होते. नोटीस काढल्याने त्या माणसाला उगाच महत्त्व मिळेल, असेही सांगितले गेले.

एका प्रसंगात दोन वेगवेगळ्या सत्ता आपल्याला दिसल्या. शिक्षेची सत्ता न्यायालयाकडे, सनदेची सत्ता बार कौन्सिलकडे. ही वाटणी आपोआप झालेली नाही. तिच्यामागे शंभर वर्षांची कहाणी आहे.

अवमानाच्या शिक्षेला माप आहे

न्यायालय अवमान अधिनियम १९७१ चा. त्यात दोन प्रकारचे अवमान आहेत. न्यायालयाचा आदेश जाणूनबुजून न पाळणे हा दिवाणी अवमान. न्यायालयाची बदनामी करणे, चालू खटल्यात ढवळाढवळ करणे किंवा न्यायदानात अडथळा आणणे हा फौजदारी अवमान. वकिलांवर आरोप होतात ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे.

शिक्षेची कमाल मर्यादा सहा महिने साधी कैद आणि २,००० रुपये दंड. मनापासून माफी मागितली तर शिक्षा माफ होऊ शकते. अवमान घडल्यापासून एक वर्षानंतर कारवाई सुरू करता येत नाही. २००६ च्या दुरुस्तीनंतर, केलेले विधान खरे असून लोकहितासाठी केलेले असेल तर ते बचाव म्हणून मांडता येते. आणि न्यायदानात ठोस अडथळा आल्याशिवाय किंवा तशी प्रवृत्ती दिसल्याशिवाय शिक्षा देऊ नये, असेही त्याच कायद्यात लिहिले आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायाधीशाला या कायद्याखाली स्वतः शिक्षा देता येत नाही. तो उच्च न्यायालयाकडे अहवाल पाठवतो आणि पुढचे उच्च न्यायालय ठरवते. डोळ्यांसमोर कोणी जाणूनबुजून अपमान केला किंवा कामात व्यत्यय आणला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्याच दिवशी, त्याचे म्हणणे ऐकून, १,००० रुपयांपर्यंत दंड करता येतो. दंड भरला नाही तर एक महिन्यापर्यंत साधी कैद. हातात तेवढेच असते.

आपल्या बुऱ्हाणपूरचा अहवाल जातो जबलपूरला. तापीच्या खोऱ्यातच, पंधरा-वीस मैलांवरच्या रावेरचा अहवाल जातो मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. आपल्यातल्या कित्येक कुटुंबांचे घर शनवाऱ्यात किंवा इतवाऱ्यात आणि केळीचे शेत रावेरकडे. एका घराच्या दोन दाव्यांना दोन उच्च न्यायालये आणि दोन बार कौन्सिल. इकडे म्हणायचे 'पेशी', तिकडे म्हणायचे 'तारीख'. पण अवमानाचा कायदा आणि सनदेचा कायदा दोन्हीकडे एकच.

सनद आधी कोणाकडे होती

इंग्रजी अमदानीत वकिलाची सनद उच्च न्यायालयाच्याच हातात होती. न्यायाधीशाची मर्जी फिरली तर वकिलाचे पोट जाऊ शकत होते. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबई इलाख्यातले आहे. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सह्या करणाऱ्या अहमदाबादच्या काही वकिलांबद्दल तिथल्या जिल्हा न्यायाधीशाने मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहिले. कायदा मोडण्याची प्रतिज्ञा करणाऱ्यांनी वकिली करावी का, असा त्याचा रोख होता. वकिलांनी न्यायालयात काही गैर केले नव्हते. प्रश्न त्यांच्या राजकीय मताचा होता, आणि टांगणीला लागली होती ती सनद.

ते पत्र गांधीजींनी 'यंग इंडिया'त छापले आणि त्यावर टीका केली. त्याबद्दल गांधीजी आणि प्रकाशक महादेव देसाई यांच्यावर मुंबई उच्च न्यायालयात अवमानाचा खटला झाला. मार्च १९२० मध्ये न्यायालयाने दोघांना दोषी धरले आणि कडक समज देऊन सोडले. गांधीजींनी माफी मागितली नव्हती.

आपले आजोबा-पणजोबा तेव्हा मध्यप्रांतात होते. १९३६ मध्ये नागपूर उच्च न्यायालय झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बुऱ्हाणपूरची अपिले नागपूरलाच जात. त्या काळातल्या वकिलाला खटला लढताना एक डोळा न्यायाधीशाच्या चेहऱ्यावर ठेवावा लागे, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही.

स्वातंत्र्यानंतर हे बदलले. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने सनद देणे, शिस्त लावणे आणि सनद काढणे हे काम राज्यांच्या बार कौन्सिलांकडे दिले. तक्रार आली की शिस्तपालन समितीपुढे चौकशी होते. वकिलाला आपले म्हणणे मांडता येते. समिती ताकीद देऊ शकते, काही काळ सनद स्थगित करू शकते किंवा नाव कायमचे काढू शकते. त्यावर अपील बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, आणि शेवटचे अपील सर्वोच्च न्यायालयाकडे. म्हणजे न्यायालय या वाटेवर आहे, पण शेवटच्या पायरीवर.

१९९५ चा निकाल आणि १९९८ ची दुरुस्ती

ही वाटणी एकदा मोडली गेली होती. मार्च १९९४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात एक ज्येष्ठ वकील आणि न्यायाधीश यांच्यात जोरदार खडाजंगी झाली. ते वकील, विनयचंद्र मिश्रा, त्या वेळी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्षच होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च १९९५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांना दोषी धरले. निकाल लिहिला होता आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. सहा आठवड्यांची कैद दिली गेली, ती चार वर्षांसाठी तहकूब ठेवली गेली, आणि त्यासोबत तीन वर्षांसाठी सनदही स्थगित केली गेली.

या शेवटच्या भागाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाच्या वकील संघटनेने दाद मागितली. १७ एप्रिल १९९८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. न्यायमूर्ती ए. एस. आनंद यांनी लिहिलेल्या या निकालाचे सार असे: अवमान ही एक गोष्ट आणि व्यावसायिक गैरवर्तन ही दुसरी. दोन्हींची चौकशी वेगळी, पुरावा वेगळा, शिक्षा वेगळी. घटनेच्या कलम १४२ ने 'पूर्ण न्याय' करण्याचा मोठा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला दिला आहे हे खरे. पण त्या अधिकाराच्या आधाराने संसदेने बार कौन्सिलकडे सोपवलेले काम न्यायालयाने आपल्याकडे ओढून घेता येणार नाही. अवमानाची शिक्षा म्हणून सनद स्थगित करता येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचीच सत्ता आखडती घेतली, याचे महत्त्व आहे. त्याच निकालाने एक वाट मोकळीही ठेवली. वकील अवमानात दोषी ठरला, तर ते बार कौन्सिलला कळवावे. बार कौन्सिलने काहीच केले नाही, तर अपिलाच्या अधिकारात सर्वोच्च न्यायालय लक्ष घालू शकते.

दार बंद करणे म्हणजे सनद काढणे नव्हे, पण…

आता अवघड भाग. समजा आपल्या मंडळाच्या सभागृहात कोणी गोंधळ घातला. मंडळ त्याला सभागृहाबाहेर काढू शकते, काही दिवस येऊ नको म्हणून सांगू शकते. त्याच्या दुकानाचा परवाना मात्र मंडळाला रद्द करता येणार नाही. न्यायालयांनी नेमका हाच फरक धरला आहे. सनद बार कौन्सिलची, पण आपल्या दालनात कोणी उभे राहायचे हे न्यायालय ठरवणार.

डिसेंबर २००२ मध्ये कॅप्टन हरीश उप्पल खटल्यात घटनापीठाने वकिलांना संपाचा हक्क नाही असे सांगितले आणि न्यायालयात हजर राहण्याचा प्रश्न न्यायालयाच्या नियंत्रणात येतो असेही म्हटले. २००९ मध्ये दिल्लीतल्या एका गाजलेल्या अपघात खटल्यात साक्षीदाराला फोडण्याच्या प्रयत्नाबद्दल ज्येष्ठ वकील आर. के. आनंद यांना चार महिने न्यायालयात उभे राहू न देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवला. साक्षीदार फोडणाऱ्याला दार बंद होणे कोणालाही पटेल.

पण हे दार किती सहज बंद करता यावे? २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नियमच केले की न्यायाधीशाला दमदाटी करणारा, न्यायालयात मिरवणूक आणणारा किंवा खोटे आरोप पसरवणारा वकील न्यायालयांतून हद्दपार करता येईल, आणि हा अधिकार जिल्हा न्यायाधीशांनाही दिला. २८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम रद्द केले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अरुण मिश्रा मध्य प्रदेशातून गेलेले, आणि एकेकाळी स्वतः बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष राहिलेले. दाराच्या नावाखाली सनदच काढण्याचा हा प्रकार आहे आणि निर्भय वकील नसेल तर स्वतंत्र न्यायव्यवस्थाही टिकणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

असे असूनही दोनच महिन्यांनी, मार्च २०१९ मध्ये, मुंबईत वकिली करणाऱ्या मॅथ्यूज नेदुम्पारा यांना सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने अवमानात दोषी धरून तीन महिन्यांची तहकूब कैद दिली आणि एक वर्ष सर्वोच्च न्यायालयात उभे राहण्यास मनाई केली. त्या निकालावर टीका करणाऱ्या तक्रारी महाराष्ट्रातल्या काही मंडळींनी राष्ट्रपतींकडे आणि सरन्यायाधीशांकडे पाठवल्या. त्याबद्दल २०२० मध्ये दोन वकील आणि एक कार्यकर्ता यांना तीन महिने कैद आणि प्रत्येकी २,००० रुपये दंड झाला. शिक्षा कडक होती, पण ती कायद्याच्या मापात राहिली, सनदेला हात लावला गेला नाही.

आणि मग ३१ ऑगस्ट २०२०. दोन ट्विटबद्दल दोषी ठरलेले ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांना एक रुपया दंड झाला. त्या रुपयाची सर्वत्र चर्चा झाली, पण पुढच्या वाक्याकडे लोकांचे लक्ष गेले नाही: रुपया भरला नाही तर तीन महिने कैद आणि तीन वर्षे सर्वोच्च न्यायालयात वकिली करण्यास मनाई. त्यांनी रुपया भरला म्हणून प्रश्न तिथेच मिटला. नाहीतर अवमानाच्या शिक्षेचा भाग म्हणून तीन वर्षे दार बंद करणे १९९८ च्या घटनापीठाच्या निकालात कसे बसते, याचे उत्तर द्यावे लागले असते. त्या तीन न्यायमूर्तींच्या पीठावर अरुण मिश्रा होते आणि आपले गवई साहेबही होते. म्हणून हा व्यक्तींचा प्रश्न नाही. चांगल्या हातांतही ही सत्ता एकदा ताणली जाते, एकदा आवरली जाते. रेघ कागदावर ठळक हवी, ती यासाठी.

आमचे मत असे की दार बंद करण्याची सत्ता न्यायालयाकडे असावी, पण चार अटींवर. कारण न्यायदान भ्रष्ट होण्याचे असावे, न्यायाधीश दुखावल्याचे नव्हे. वकिलाला आधी नोटीस आणि सुनावणी मिळावी. मुदत थोडी आणि ठरलेली असावी. आणि बंदी त्या न्यायालयापुरतीच असावी. कारण बुऱ्हाणपूरसारख्या गावात जिल्हा न्यायालयाचे एकच आवार आहे. दिल्लीच्या वकिलाला एक न्यायालय बंद झाले तर दहा उघडी असतात. इथल्या वकिलाला कचेरीचे एक दार बंद झाले की सनद घरात टांगून ठेवण्यापुरतीच उरते.

मार्च २०२३: आपल्या राज्यातला प्रसंग

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर मार्च २०२३ आठवा. प्रत्येक न्यायालयाने ठरावीक मुदतीत सर्वांत जुने २५ खटले निकाली काढावेत, अशी योजना मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने आणली होती. घाईघाईत न्याय होणार नाही, नवी प्रकरणे मागे पडतील, असे म्हणत राज्यभरातले वकील कामापासून दूर राहिले. २४ मार्चला उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सर्व वकिलांनी ताबडतोब कामावर यावे, मुद्दाम गैरहजर राहिल्यास अवमानाची कारवाई होईल, आणि कोण गैरहजर आहे याचा अहवाल न्यायिक अधिकाऱ्यांनी पाठवावा, असा आदेश निघाला.

या प्रसंगात आम्ही कोणाची बाजू घ्यावी? संपाचे दिवस पक्षकाराच्या खिशातून जातात. नेपानगरहून किंवा खकनारहून बसने किंवा जीपने आलेल्या माणसाला 'आज काम बंद, पुढची पेशी घ्या' हे ऐकावे लागते. जामिनासाठी थांबलेल्याचे तर विचारूच नका. वकिलांना संपाचा हक्क नाही, हे न्यायालयाचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. पण दुसरी बाजूही पाहा. वकिलांची तक्रार खुद्द उच्च न्यायालयाच्या योजनेविरुद्ध होती, आणि अवमानाचा इशारा देणारेही तेच उच्च न्यायालय होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात छडी. अशा वेळी तरी ती छडी मापाची असली पाहिजे आणि सनदेपर्यंत पोचता कामा नये. वकिलांनीही कामबंदीऐवजी शिष्टमंडळ, निवेदन, याचिका हे मार्ग आधी वापरायला हवेत.

आपला काय संबंध?

आपल्यातल्याच एका कुटुंबाचा वाटणीचा दावा बरीच वर्षे चालला. साक्षीच्या दिवशी त्यांच्या वकिलांनी एक जुना कागद दाखल करून घ्यावा म्हणून आग्रह धरला. नकार आला. वकिलांनी पुन्हा विनंती केली, आवाज थोडा चढला. समोरून शब्द आले की अवमानाचा अहवाल वर पाठवू. वकील खाली बसले. कागद त्या दिवशी दाखल झालाच नाही, आणि तो नोंदीवर यायला अपिलापर्यंत थांबावे लागले. तोपर्यंत घरातले वडीलधारे माणूस गेले होते. त्या न्यायाधीशांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. दिवसभरात पन्नास प्रकरणे पाहणाऱ्या माणसाचा तोल कधी जाऊ शकतो. पण त्या एका वाक्याची किंमत वकिलाने नाही, पक्षकाराने मोजली.

या मर्यादेचा खरा अर्थ हाच आहे. वकिलाच्या सनदेचे संरक्षण हे वकिलाच्या मानपानासाठी नाही. आपण भरकचेरीत बोलू शकत नाही म्हणून दुसऱ्याला आपल्या वतीने बोलायला ठेवतो. त्याच्या मनात पोटाची भीती बसली, तर आपण पैसे देऊन मुका माणूस उभा केला असे होते. त्याला दंड होऊ शकतो, प्रसंगी कैदही होऊ शकते, ही धास्ती त्याला मर्यादेत ठेवायला पुरेशी आहे. रोजीरोटीही त्याच न्यायाधीशाच्या हातात दिली, तर तो मर्यादेत नाही, मुठीत राहील.

वकिलांचे घरही स्वच्छ हवे

मात्र हे संरक्षण फुकटचे नसावे. सनद बार कौन्सिलच्या हातात दिली, कारण ती वकिलांना शिस्त लावेल असा संसदेचा विश्वास होता. कायदा सांगतो की शिस्तपालन समितीने तक्रार एका वर्षात निकाली काढावी, नाहीतर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. बार कौन्सिलचे सदस्य वकिलांच्या मतांवर निवडून येतात. मतदारालाच शिक्षा करणे अवघड असते, हे कोणत्याही संस्थेत काम केलेल्याला सांगायला नको. पक्षकाराचे पैसे बुडवणारा, तारखेला न येणारा, समोरच्या पक्षाशी संधान बांधणारा वकील वर्षानुवर्षे मोकळा राहिला, तर लोकच म्हणतील की न्यायाधीशांनीच याची सनद काढावी. न्यायालयांनी दाराचा वापर वाढवला, त्यामागे बार कौन्सिलांची ही ढिलाईही आहे. २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला ही नाराजी स्पष्ट शब्दांत नोंदवावी लागली आणि शिस्तीच्या कायद्याचा फेरविचार करण्याची गरज सांगावी लागली.

आणि गवई साहेबांवर बूट उगारणाऱ्याच्या बाबतीत बार कौन्सिल एका दिवसात हलू शकली, तर सामान्य पक्षकाराच्या तक्रारीवर एका वर्षात का हलू शकत नाही, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

सभासदांनी लक्षात ठेवावे

वकिलाबद्दल तक्रार असेल तर न्यायाधीशाकडे आरडाओरडा करून उपयोग नाही. लेखी तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे द्यावी. इकडची जबलपूरला, रावेर-जळगावची महाराष्ट्र व गोव्याच्या बार कौन्सिलकडे मुंबईला. सोबत वकालतनामा, फीच्या पावत्या आणि तारखांची यादी जोडावी.

खालच्या न्यायालयाच्या न्यायाधीशाबद्दल तक्रार असेल, तर ती सद्भावनेने उच्च न्यायालयाकडे करणे हा अवमान नाही, असे अवमानाच्याच कायद्यात लिहिलेले आहे. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुझफ्फरनगरच्या जिल्हा वकील संघाच्या बाबतीत हेच पाहिले. संघाने दोन अधिकाऱ्यांविरुद्ध ठराव करून तो वरिष्ठांकडे गोपनीय पाठवला होता. त्याला अवमान म्हणून शिक्षा करण्यासारखे काही नाही, असा निर्णय झाला. म्हणून तक्रार योग्य जागी, सभ्य शब्दांत, पुराव्यासह करावी. गावच्या व्हॉट्सअॅप गटावर न्यायाधीशाचे नाव घेऊन शिवीगाळ मात्र करू नये. ती सद्भावनेची तक्रार ठरत नाही.

न्यायालयात वकील आणि न्यायाधीश यांच्यात वाद झाला, तर वकिलाला घाबरून बदलू नका. आपला अर्ज लेखी द्यायला सांगा आणि त्यावर लेखी आदेश मागा. लेखी नकारावर वरच्या न्यायालयात दाद मागता येते. तोंडी रागावर नाही.

शेवटी

सातारचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर १९६४ मध्ये सरन्यायाधीश होते. उत्तर प्रदेश विधानसभेने तेव्हा एका कैद्याला, त्याच्यासाठी याचिका करणाऱ्या वकिलाला आणि जामीन देणाऱ्या दोन न्यायमूर्तींनाही अवमानासाठी पकडून आणण्याचा ठराव केला होता. वकिलाचा गुन्हा एवढाच की त्याने अशिलाची याचिका दाखल केली. त्या प्रकरणात मत देताना गजेंद्रगडकरांनी न्यायाधीशांनाही बजावले की अवमानाची सत्ता रागाच्या भरात आणि वारंवार वापरून न्यायालयाची प्रतिष्ठा वाढत नाही, ती वाढते चांगल्या निकालांनी, निर्भयतेने आणि संयमाने.

६ ऑक्टोबरला अमरावतीच्या एका न्यायाधीशाने नेमके तेच केले. बूट उगारला गेला, त्यांनी पुढचे प्रकरण ऐकायला घेतले. त्या संयमाचा आपल्याला अभिमान वाटतो, वाटलाच पाहिजे. पण प्रत्येक न्यायाधीश त्या दिवशीसारखा शांत असेलच असे नाही, म्हणून १९९८ ची ती रेघ हवी. सभासदांपैकी कचेरीत काम करणारे, निवृत्त झालेले किंवा खटल्यात अडकलेले जे कोणी असतील, त्यांनी आपला अनुभव आणि मतभेदही मंडळाकडे जरूर कळवावेत. नावे न देता पुढच्या अंकात त्यावर लिहू.